कसदार कथा-कादंबरी : ओळख आणि काय वाचावे

मंडळाचा कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की दोन प्रश्न आमच्याकडे हमखास येतात. पहिला नुकत्याच निवृत्त झालेल्या सभासदांचा : "वेळ आहे, चष्माही नवा केलाय, पण वाचायचं काय ते कळत नाही." दुसरा तरुण आईवडिलांचा : "मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. मराठीतलं चांगलं असं त्यांना काय द्यावं?" प्रत्येकाला उभ्याउभ्या दोन-चार नावे सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हे टिपण.

आम्ही समीक्षक नाही. आमच्या वाचनगटात कोणी शाळेतून निवृत्त झाले आहेत, कोणी दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झाले आहेत, आणि ज्याच्याकडे हे लिहायचे काम आले त्याचे आयुष्य बँकेत गेले आहे. त्यामुळे येथे सिद्धान्त कमी आणि अनुभव जास्त सापडेल.

कसदार कथा-कादंबरी म्हणजे काय?

मराठीत 'ललित साहित्य' हा शब्द फार रुंद आहे. त्यात कविता, नाटक आणि लघुनिबंधही येतात. आपल्याला येथे म्हणायचे आहे ते कथा आणि कादंबरी एवढेच. त्यातही निव्वळ वेळ घालवण्यासाठी नव्हे, तर माणूस समजून घेण्यासाठी लिहिलेली. कोणी तिला गंभीर म्हणतात, कोणी वाङ्मयीन. आम्ही 'कसदार' म्हणतो, कारण जमिनीचा कस आपल्या भागात सर्वांना कळतो.

रंजक पुस्तकांना आम्ही नाके मुरडत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळापहाडच्या रहस्यकथा अभ्यासाच्या वहीत लपवून वाचल्याशिवाय आमची पिढी मोठी झालेली नाही. वाचनाची गोडी अनेकांना तेथेच लागली. फरक एवढाच, की खुनी कोण हे कळले की रहस्यकथा संपते. शेवट ठाऊक झालेली रहस्यकथा सहसा कोणी पुन्हा उघडत नाही. कसदार कथेचा शेवट ठाऊक असला तरी ती पुन्हा वाचता येते, आणि चाळिशीत वाचलेली कथा साठीत वेगळी लागते. कथा तीच असते, मधल्या काळात आपण बदललेले असतो.

अशा लेखनाच्या काही खुणा सांगता येतात. त्यातला माणूस सरळ चांगला किंवा सरळ वाईट नसतो. सासू म्हणजे खाष्टच, सावकार म्हणजे दुष्टच असे ठोकळे तेथे नसतात. भाषा त्या माणसाची आणि त्या गावाची असते. शेतगडी पुण्याच्या प्राध्यापकासारखा बोलत नाही. आणि लेखक सगळे उलगडून सांगत नाही, काही गोष्टी वाचकावर सोडतो.

ही शेवटची खूण नव्या वाचकाला सर्वांत जास्त अडते, म्हणून बँकेतले उदाहरण देतो. संगणक येण्यापूर्वी रोज संध्याकाळी जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नसे. एखादा फरक सापडलाच नाही, तर तो तात्पुरता 'सस्पेन्स' खात्यात टाकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध सुरू होई. कसदार कथेत मेळ बऱ्याचदा बसत नाही, आणि तो फरक वाचकाच्या खात्यावर टाकून लेखक निघून जातो. पुढे आठवडाभर भाजी आणताना, फिरायला जाताना आपण तो शोधत राहतो. 'कथेला शेवटच नाही' अशी तक्रार करणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच, की शेवट आहे, पण तो शोधायचे काम आपल्याकडे दिलेले आहे.

थोडा इतिहास

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. विधवांच्या दुःस्थितीवर ती लिहिलेली आहे. तिचे लेखक बाबा पदमनजी १८३१ साली आपल्या बेळगावात जन्मले, ही गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. आपले सार्वजनिक वाचनालय १८४८ चे, म्हणजे पहिल्या मराठी कादंबरीपेक्षाही जुने आहे. मराठी कथा-कादंबरीशी या गावाचे नाते असे अगदी सुरुवातीपासूनचे आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगायचा तर हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये घरातल्या बाईचे जगणे तिच्याच तोंडून आले. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' ने मोठी खळबळ उडवली. १९३९ साली विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' आले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर एका बोटीवर घडणारी ही छोटी कादंबरी आजही जुनी वाटत नाही. स्वातंत्र्याच्या आसपास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेचे वळण बदलले. तिला 'नवकथा' हे नाव पडले. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' मुळे ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत पहिल्यांदा आला. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह, ही दोन्ही पुस्तके एकाच वर्षी आली, आणि मराठी कथात्म साहित्यात कोणी बोलायचे आणि कसे बोलायचे याचे जुने संकेत मोडले.

आपल्या अवतीभवतीचे लेखक

'काय वाचू?' या प्रश्नाला आमचे उत्तर ठरलेले आहे : आधी घराजवळचे वाचा. ओळखीची गल्ली, ओळखीची बोली आणि ओळखीचा पाऊस असला की अवघड लेखकही निम्मा सोपा होतो. या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्याने मराठीला जेवढे कथाकार दिले, तेवढे अनेक मोठ्या शहरांनीही दिले नसतील.

जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचा, शिक्षण बेळगावात, आणि नोकरी धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजीच्या प्राध्यापकाची. 'निळा सावळा', 'पारवा', 'हिरवे रावे' आणि 'रक्तचंदन' हे त्यांचे आधीचे संग्रह. 'काजळमाया', 'रमलखुणा' आणि 'पिंगळावेळ' हे नंतरचे. आधीच्या कथांत आपल्याकडची घरे भेटतात : मोडकळीला आलेले वाडे, मनातले कधीच न बोलणारी माणसे, लग्न न झालेली बहीण, जुने वैर. नंतरच्या काही कथांत गाव आणि काळ पुसट होतात, आणि नियती, मृत्यू, माणसाचा शोध असे विषय रूपकातून येतात. 'रमलखुणा' मध्ये 'प्रवासी' आणि 'इस्किलार' अशा दोनच दीर्घकथा आहेत. पुष्कळ जण नाव ऐकून थेट या पुस्तकाला हात घालतात, दहा पानांत थकतात आणि जी.एं.ना कायमचे नमस्कार करतात. तसे करू नका. सुरुवात 'पिंगळावेळ' मधील 'कैरी' या कथेपासून करावी. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपटही केला आहे. त्यानंतर 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' हे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेले पुस्तक वाचावे. त्यात त्यांच्या लहानपणाची माणसे आहेत. मग संग्रहांकडे वळावे.

'काजळमाया' ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा जी.एं.नी तो पुरस्कार परत केला. आयुष्यभर तारखा आणि सह्या तपासलेल्या आम्हा लोकांना हा चोखपणा विशेष भावतो.

प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. इंदिराबाईंचे वास्तव्य बेळगावात होते. प्रकाश संत कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत. सुरुवातीच्या काही कथांनंतर त्यांचे लेखन दीर्घ काळ थांबले, आणि मग 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तके आली. चारही पुस्तकांत लंपन नावाचा एकच मुलगा आहे. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे तो वाढतो. सीमाभागातले छोटे गाव, शाळा, मित्र, सुमी, गाणे आणि झाडे एवढेच त्याचे जग. काही मोठे घडत नाही, आणि तरी वाचताना घसा दाटतो. लंपनची मराठी आपल्या गल्लीतली आहे, अधूनमधून कानडीचा हेल असलेली. बाहेरच्या वाचकांना ती गोड वाटते. आपल्याला ती ऐकल्यासारखी वाटते. 'लंपन' नावाची मालिकाही २०२४ साली आली. मुलांनी ती आधी पाहिली असेल तर उत्तमच, पुस्तकाकडे न्यायला सोपे जाते.

कमल देसाई (१९२८-२०११) यांचा जन्म यमकनमर्डीचा. महामार्गाने कोल्हापूरकडे जाताना आपण त्या गावाची पाटी कितीदा तरी पाहतो. त्यांनी थोडेच लिहिले, पण त्यांच्या काळात बाईच्या मनाबद्दल एवढे धीटपणे लिहिणारे फार कमी होते. 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' या त्यांच्या लघुकादंबऱ्या सावकाश वाचण्याच्या आहेत. पहिल्या वाचनात सगळे कळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

रणजित देसाई (१९२८-१९९२) चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. गाव महाराष्ट्रात असले तरी बाजाराला येणे-जाणे बेळगावचे. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' आपल्याकडे घरोघरी असतात. आम्ही मात्र त्यांच्या सुरुवातीच्या काळातील 'बारी' आणि 'माझा गाव' या कादंबऱ्या आवर्जून सुचवतो. 'बारी' मध्ये बेरड समाजाचे रानातले जगणे आहे. ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून ठाऊक असलेला लेखक आपल्याच भागातील साध्या माणसांकडे कसा पाहत होता, ते यात दिसते.

महादेव मोरे निपाणीचे. शहरातल्या लेखकांची महाविद्यालये होती, नियतकालिके होती. मोऱ्यांची पिठाची गिरणी होती. गिरणी चालवता चालवता त्यांनी कथा-कादंबऱ्यांची रास घातली. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, बाजारात पोट भरणारी माणसे त्यांच्या लेखनात आहेत. 'एकोणिसावी जात' आणि 'झोंबड' या त्यांच्या कादंबऱ्या मिळवून वाचाव्यात. अठरापगड जातींच्या पलीकडची ही एकोणिसावी जात कोणती, ते आम्ही येथे सांगत नाही. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत आपण त्यांना जेवढे वाचायला हवे होते तेवढे वाचले नाही, ही खंत आमच्या गटात अनेकांना आहे.

राजन गवस गडहिंग्लज भागातले. त्यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत यल्लम्माला सोडलेल्या मुलींचे आणि जोगत्यांचे आयुष्य आहे. सौंदत्ती आपल्याच जिल्ह्यात. पौर्णिमेला डोंगरावर जाणाऱ्या गाड्या आपण पाहत आलो, भंडारा कपाळी लावत आलो. त्या भंडाऱ्यामागे कोणाचे काय गेले, हे आम्हाला 'चौंडकं' ने दाखवले. गवस यांच्या 'तणकट' ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे.

आनंद यादव कागलचे. 'झोंबी' हे शिक्षणासाठी केलेल्या झगड्याचे आत्मचरित्रात्मक लेखन, आणि 'गोतावळा' (१९७१) ही नारबा नावाच्या शेतगड्याची कादंबरी. मळ्यातली जनावरे हाच नारबाचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे एकेक करून जातात, आणि नारबा एकटा उरतो. पूर्ण कादंबरी नारबाच्या बोलीत आहे.

'गोतावळा' बद्दल आमच्या गटात सांगितलेली एक गोष्ट येथे नोंदवतो. निपाणीकडच्या एका शाखेत असताना तंबाखूचे पीककर्ज थकलेला एक शेतकरी नेहमी येत असे. बाकावर बसे, फार बोलत नसे. एके दिवशी त्याने बैलजोडी विकली आणि सगळी थकबाकी भरली. आम्ही त्याचे कौतुक केले, चहा पाजला आणि फायलीवर चांगला शेरा लिहिला. त्याने चहा घेतला, पण कौतुकाला काहीच उत्तर दिले नाही. तेव्हा आम्हाला तो थोडा तुसडा वाटला. पुढे पुष्कळ वर्षांनी 'गोतावळा' वाचली, त्या रात्री तो बाक आठवला. त्याचा सर्व्हे नंबर, एकर, उतारा, जामीनदार हे सगळे आमच्या फायलीत होते. बैल विकून तो रिकाम्या गोठ्यात परत कसा गेला असेल, यासाठी त्या फायलीत रकाना नव्हता. वसुली चुकीची नव्हती, नियमाप्रमाणेच होती. पण निदान ते कौतुक तरी आम्ही केले नसते. कादंबरी वाचून काय मिळते असे कोणी विचारले, तर आमच्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

याच ओळीत आणखी दोन नावे. कोल्हापूर भागातले कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि कारवारकडच्या माजाळीचे महाबळेश्वर सैल कोकणी आणि मराठी दोन्ही भाषांत लिहितात. गोव्यातील धर्मांतराच्या काळावरची त्यांची 'तांडव' ही मराठी कादंबरी सीमेपलीकडच्या आपल्या सोयऱ्यांनीही वाचावी अशी आहे.

शेजारची कानडी

आपण दोन भाषांच्या उंबऱ्यावर राहतो. बाजारात कानडी, घरात मराठी, असे आपल्यातल्या पुष्कळांचे आहे. भाषेवरून आपल्या गावाने बरेच सोसले आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण वाचनाच्या टेबलावर आम्ही एक पथ्य पाळतो : चांगले पुस्तक कोणत्या भाषेतले, यावरून त्याला दूर ठेवायचे नाही. धारवाडात जी.ए. मराठीत लिहीत होते, आणि घरची भाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे त्याच गावात कानडीतले थोर कवी झाले.

कानडी कादंबरी मराठीत आणण्याचे मोठे काम ज्यांनी केले त्या उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. पती विरूपाक्ष कानडी पुस्तक मोठ्याने वाचत, ते ध्वनिमुद्रित होई, आणि ऐकून ऐकून उमाताई मराठीत लिहीत. एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष' च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. महाभारतावरची भैरप्पांची 'पर्व' ही त्यांच्याच मराठीत अनेकांनी वाचली आहे. कानडी लिपी येणाऱ्यांनी मुळातूनच वाचावे. येत नसेल तर हे अनुवाद आहेत.

वाचावे कसे

पहिली गोष्ट, कथेपासून सुरुवात करावी. पाचशे पानांची कादंबरी हाती घेऊन हिरमुसण्यापेक्षा पंधरा पानांची कथा एका बैठकीत पुरी होते आणि हुरूप येतो.

अडलेल्या शब्दासाठी दर वेळी थांबू नये. ओघात निम्मे शब्द कळतात. ग्रामीण बोलीतले पान मोठ्याने वाचून पाहावे. डोळ्यांना अडणारा शब्द कानाला ओळखीचा निघतो, कारण आपल्या आजीने तो वापरलेला असतो.

'याचे तात्पर्य काय?' हा प्रश्न बाजूला ठेवावा. शाळेत प्रत्येक धड्याखाली तो असे, म्हणून सवय लागलेली आहे. त्याऐवजी 'या माणसाच्या जागी आपण काय केले असते?' असे विचारून पाहावे.

पन्नास पाने वाचूनही पुस्तक धरत नसेल तर खुशाल बाजूला ठेवावे. त्यात कमीपणा नाही. वर्षभराने पुन्हा उघडावे. आमच्यापैकी एकाने 'कोसला' तिसऱ्या खेपेला पुरी केली, आणि आता तेच सर्वांना तिची शिफारस करतात.

आणि शक्यतो कोणाबरोबर तरी वाचावे. नवरा-बायकोने एकच कथा वाचून रात्री जेवताना बोलावे. एकाच कथेबद्दल दोघांची मते किती वेगळी निघतात ते पाहून चाळीस वर्षांच्या संसारानंतरही नवल वाटते.

कोणी कोठून सुरुवात करावी

पूर्वी फारसे न वाचलेल्यांनी : व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी'. धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तराची ही कादंबरी लहान आणि स्वच्छ आहे. सोबत शंकर पाटील यांच्या कथा. हसवतात आणि मग गप्प करतात.

शाळा-कॉलेजातल्या मुलांनी : 'वनवास', मिलिंद बोकील यांची 'शाळा', मग 'कोसला'.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी : 'स्वामी' नंतर विश्वास पाटील यांची 'पानिपत', आणि तेथून त्याच लेखकाची धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती'. इतिहास आजही घडतो आहे हे त्यात दिसते.

घर, नाती आणि बाईचे मन यांत रस असणाऱ्यांनी : गौरी देशपांडे यांचे 'एकेक पान गळावया', आशा बगे यांची 'भूमी', सानिया यांच्या कथा, आणि तयारी झाल्यावर कमल देसाई.

ज्यांना कोकण आणि गूढ यांची ओढ आहे त्यांनी : श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू', चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'कोंडुरा'.

ज्यांना कष्टकऱ्यांचे जग जवळून पाहायचे आहे त्यांनी : अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा', बाबूराव बागूल यांच्या कथा, उद्धव शेळके यांची 'धग', जयवंत दळवी यांची 'चक्र'.

मुरलेल्या वाचकांनी : 'काजळमाया', 'रमलखुणा', आणि श्याम मनोहर यांची 'उत्सुकतेने मी झोपलो'.

जाता जाता, पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. 'गणगोत' मधले त्यांचे 'रावसाहेब' हे व्यक्तिचित्र काल्पनिक नाही, म्हणून या यादीत बसत नाही. पण बेळगावी मराठीचा ठसका कागदावर कसा उतरतो ते पाहायला ते जरूर वाचावे.

पुस्तके मिळवण्याबाबत

विकत घ्यावीत, पण आधी वाचनालयात पाहावीत. महादेव मोरे किंवा कमल देसाई यांची काही पुस्तके दुकानात सहज मिळत नाहीत. जुन्या कपाटात सापडतात. खडेबाजारातून गणपत गल्लीतले सार्वजनिक वाचनालय हाकेच्या अंतरावर आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत साहित्य संमेलने भरतात. तेथे भाषणे ऐकून परतण्याआधी पुस्तकांच्या दालनाकडेही एक फेरी मारावी.

आणि घरातली पुस्तके रद्दीत घालण्यापूर्वी एकदा थांबावे. आमच्यातल्याच एका घराची गोष्ट सांगतो. खडेबाजाराच्या मागच्या बोळातले जुने घर सोडून फ्लॅटमध्ये जाताना जागा पुरेना, म्हणून वडिलांची पुस्तके चार पोत्यांत भरून किलोवर दिली. त्यात 'सत्यकथा' मासिकाचे बांधून घेतलेले अंक होते. वडील कारकून होते, नवे कपडे दिवाळीलाच घेत, पण त्या अंकांची वर्गणी त्यांनी चुकवली नव्हती. पोती उचलून नेली तेव्हा आम्ही तराजूच्या काट्याकडे पाहत होतो, माप बरोबर आहे ना म्हणून. निवृत्तीनंतर जी.एं.च्या कथा वाचू लागलो, आणि त्यांतल्या कितीतरी आधी 'सत्यकथा' मध्येच आल्या होत्या असे कळले. म्हणजे त्या वडिलांनी वाचल्या असणार, कदाचित समासात खूणही केली असेल. कोणत्या कथेपाशी, हे आता कधीच कळणार नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले. वडील त्याआधीच गेले होते.

शेवटी मुलांबद्दल

मराठी शाळांतली पटसंख्या आपण पाहतो आहोत. मुलांना इंग्रजी हवे, येथे राहायचे तर कानडीही हवी, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण भाषा केवळ पाट्यांवर आणि मोर्चांत टिकत नाही. ती घरात, कोणीतरी काहीतरी वाचून दाखवत असताना टिकते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकाची नात बेंगळुरूहून आली होती. देवनागरी येते ती हिंदीमुळे. मराठी बोलते, पण वाचायचा कंटाळा. रात्री गच्चीवर 'वनवास' मधली चार पाने आजोबांनी वाचायची आणि एक पान तिने, असे ठरले. ती अडखळे, हसे, मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ विचारी. तिसऱ्या की चौथ्या रात्री तिने विचारले, "तुम्ही लहानपणी असंच बोलायचा?" होय म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आता का नाही बोलत?" आजोबांना पटकन उत्तर सुचले नाही. बँकेतली इतकी वर्षे, बदल्यांची गावे आणि साहेबी मराठी यांत ती बोली कोठे राहिली, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या रात्रीपासून ते तिच्याशी मुद्दाम गल्लीतल्या मराठीत बोलू लागले. आजीला हसू आवरेना.

पुस्तक नातीबरोबर बेंगळुरूला गेले आहे. तीन कथा झाल्या, बाकीच्या राहिल्या आहेत. हरकत नाही. पुस्तक घरात आहे आणि खूण कोठे घातली आहे ते तिला ठाऊक आहे.

सभासदांनी या यादीतले एखादे पुस्तक वाचून पाहावे आणि आवडले-नावडले ते वाचनगटाच्या बैठकीत मोकळेपणाने सांगावे. यादीत राहून गेलेले चांगले पुस्तक कळवले, तर पुढच्या वेळी त्याची भर घालू. आणि ज्यांच्या माळ्यावर 'सत्यकथा' चे जुने अंक असतील त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी आम्हाला हाक मारावी. आम्ही पिशवी घेऊन येऊ.